डब्ल्यूडीजी-४ समजून घेऊया: हॉर्सपॉवर ठीक आहे, पण पकडीचं काय?

मालगाडीचं डिझेल इंजिन म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती हॉर्सपॉवरचं आहे? ४५०० असं उत्तर मिळालं की समोरचा खूष. पण माल ओढायच्या कामात हा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. चाक रुळाला किती घट्ट धरतं ही उरलेली निम्मी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. गेल्या तीसेक वर्षांत डिझेलमध्ये जी मोठी उडी पडली ती इथेच पडली. उदाहरणाला आपल्या रेल्वेचा डब्ल्यूडीजी-४ घेतो, कारण त्याच्या आधीचे आणि नंतरचे भाऊबंद आपल्याकडेच धावलेत, तुलना करायला सोपं जातं.

नावाचं कोडं आधी सोडवून टाकू. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, आणि ४ म्हणजे ४००० हॉर्सपॉवर, जी पुढे वाढवून ४५०० केली पण नाव तेच राहिलं. आणि आपण बोलताना अख्ख्या धुडालाच इंजिन म्हणतो, इथे मात्र घोळ नको म्हणून अख्खं धूड म्हणजे लोको आणि त्याच्या पोटातलं डिझेल पिणारं यंत्र म्हणजे इंजिन, असं धरून चालू.

तर या लोकोमध्ये डिझेल इंजिन चाकाला कुठेच जोडलेलं नसतं. ना क्लच, ना वेगवेगळ्या गिअरांचा गिअरबॉक्स, ना खाली जाणारा शाफ्ट. इंजिन फिरवतं एका मोठ्या अल्टरनेटरला, अल्टरनेटर वीज बनवतो, ती वीज केबलमधून खाली बोगीत, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्यात जाते आणि तिथे प्रत्येक अ‍ॅक्सलवर बसवलेली मोटर एका ठरलेल्या दातेरी जोडीतून चाक फिरवते. सहा अ‍ॅक्सल, सहा मोटरी. म्हणजे हा लोको विजेवरच चालतो, फक्त वीजघर सोबत घेऊन फिरतो.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कारण असं की डिझेल इंजिन बंद अवस्थेत किंवा अगदी कमी फेऱ्यांवर काहीच जोर देऊ शकत नाही, त्याला आधी फिरत राहावं लागतं. ट्रकमध्ये ही अडचण क्लच घासून सोडवतात. पण इथे ३३५० किलोवॅटचं इंजिन आणि मागे साडेचार हजार टनांहून जास्त वजन, ते सगळं हलेपर्यंत क्लच घासत राहायचा म्हटलं तर त्याची राख होईल. विजेच्या मोटरचं उलट आहे, ती उभ्या जागीच पूर्ण जोर देते, म्हणजे गाडी हलवायला नेमकं जे हवं तेच. जर्मनीत तेलावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ट्रान्समिशनचे मोठे लोको बरीच वर्षं होते, पण जड मालगाड्यांसाठी जग शेवटी विजेच्या रस्त्यानेच गेलं.

आता थोडं गणित, घाबरू नका, गुणाकार-भागाकारापुढे जात नाही. ४५०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३३५० किलोवॅट. त्यातले काही पंखे, कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, मोटरी यांच्यात जातात, चाकापर्यंत पोचतात समजा २८०० किलोवॅट. पॉवर म्हणजे ओढ गुणिले वेग. तेव्हा ताशी १०० किमीला या लोकोची ओढ उरते जेमतेम १०० किलोन्यूटन. ताशी २० किमीला तीच होते ५०० किलोन्यूटन. अजून हळू गेलं तर? सूत्र म्हणतं ओढ वाढतच जाईल, १० किमीला १००० किलोन्यूटन, ५ किमीला २०००. प्रत्यक्षात तसं होत नाही कारण तोवर चाकं रुळावर जागच्या जागी गरगर फिरायला लागलेली असतात. म्हणजे वेग असताना काय जमेल ते हॉर्सपॉवर ठरवते, आणि उभी गाडी हलवताना किंवा चढावर रांगताना काय जमेल ते पकड ठरवते. मालगाडीचं सगळं दुखणं दुसऱ्या प्रकारातलं आहे.

हे ध्यानात ठेवून आपले तीन लोको शेजारी उभे करू. १९६२ पासून आलेला डब्ल्यूडीएम-२, अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या डिझाइनचा, पुढे वाराणसीच्या डीएलडब्ल्यू या रेल्वेच्या डिझेल लोको कारखान्यात बनलेला, २६०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे ११३ टन, सुरुवातीची ओढ साधारण साडेतीस टन. मग १९९५ च्या सुमाराचा डब्ल्यूडीजी-३ए, तोही अल्को घराण्यातलाच, ३१०० हॉर्सपॉवर, वजन १२३ टन, ओढ जवळपास ३८ टन. आणि मग डब्ल्यूडीजी-४, वजन १२६ टन, ओढ ५४० किलोन्यूटन म्हणजे सुमारे ५५ टन. आता ओढ भागिले वजन करा. पहिल्याचं येतं २७ टक्के, दुसऱ्याचं ३१, तिसऱ्याचं थेट ४३-४४. वजन तेरा टनांनी वाढलं, ओढ जवळजवळ दुप्पट झाली. ही वाढ इंजिनातून आलेली नाही, कारण उभ्या जागी इंजिनाची पॉवर मोजलीच जात नाही. चाकं तशीच पोलादाची, रूळ तेच. मग हे जादा टन आले कुठून?

चाक आणि रूळ एकमेकांना जिथे टेकतात ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. बारा चाकांची बारा नखं, आणि प्रत्येकावर साडेदहा टन. सगळी ओढ एवढ्याशा जागेतून रुळात उतरते. आता पुस्तकात आपण शिकतो की वस्तू घसरायला लागली की घर्षण कमी होतं, म्हणून घसरू द्यायचं नाही. जुन्या लोकोंचा सगळा कारभार याच समजुतीवर होता. चाक घसरलं की कंट्रोल पॅनेलवर व्हील स्लिपचा दिवा लागायचा, पॉवर आपोआप खाली यायची, मग परत हळूहळू चढवायची, परत घसरायचं, चढावर गाडी अशी अडखळत अडखळत जायची.

पण रुळावरच्या चाकाचं वागणं इतकं सरळ नसतं. चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरत असेल, म्हणजे थोडंसं सरकत सरकत पुढे जात असेल, तर पकड कमी व्हायच्या ऐवजी वाढते. या सरकण्याला क्रीप म्हणतात. काही टक्के क्रीपला पकड सगळ्यात जास्त असते, त्याच्या पलीकडे गेलं की मात्र ती कोसळते आणि चाक सुटतं. ओल्या रुळावर तर थोडं जास्त सरकू दिलं की चाक स्वतःच रूळ घासून साफ करतं आणि मागच्या चाकांना बरा रूळ मिळतो. म्हणजे बरोब्बर त्या शिखरावर चाक धरून ठेवता आलं तर तेच वजन कितीतरी जास्त ओढ देईल. माणसाच्या हाताने हे शक्यच नाही, सेकंदाच्या एका बारीक भागात सुटलेलं चाक परत पकडावं लागतं.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, गाडीचा खरा वेग कळायला हवा, आणि तो चाकावरून मोजून उपयोग नाही कारण चाकं तर सरकतायत. म्हणून जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाने लोकोच्या पोटाखाली एक छोटा रडार बसवला, तो खाली खडीकडे बघत असतो आणि जमीन किती वेगाने मागे जातेय ते सांगतो. पोलिसांच्या स्पीडगनमध्ये जे तत्त्व तेच. दुसरी गोष्ट म्हणजे अशी मोटर जी सांगितल्याबरोबर ऐकेल आणि जी मुळातच उधळणार नाही. इथे एसी मोटरचा प्रवेश होतो, आणि डब्ल्यूडीजी-४ ची खरी ओळख हीच आहे.

जुन्या लोकोत डीसी सिरीज मोटरी असायच्या. गुणी मोटर, उभ्या जागी जबरदस्त जोर, पण तिच्यात कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रश असतात, फिरत्या भागाला वीज पोचवणारी घासती जोडी. ब्रश झिजतात, त्यांची पूड आत साचते, ओलावा आणि धूळ गेली की आत वीज तडतडून फ्लॅशओव्हर होतो. दुसरं म्हणजे, हळू वेगात प्रचंड करंट पीत राहिली की ती तापते, म्हणून तिला वेळेची मर्यादा असायची, इतक्या करंटवर इतकीच मिनिटं. लोको पायलटचा एक डोळा सिग्नलवर आणि एक डोळा करंट दाखवणाऱ्या लोड मीटरवर. चढावर गाडी ठरावीक वेगाच्या खाली गेली की घड्याळ सुरू. आणि तिसरं, सगळ्यात वाईट, सिरीज मोटरवरचा भार अचानक गेला, म्हणजेच चाक सुटलं, की तिचा वेग भसकन वाढत जातो, तिला थांबवणारं आतलं काही नसतं.

थ्री-फेज इंडक्शन मोटरमध्ये ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही, फिरणारा भाग म्हणजे पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यात बसवलेल्या धातूच्या सळया, बाहेरून तिला एक तारही जात नाही. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ताकदीची मोटर बसते, आणि दोन चाकांमधली ती जागा ब्रॉडगेजवरसुद्धा तशी चिंचोळीच असते. पण खरी मजा तिच्या वेगात आहे. या मोटरचा वेग तिला दिलेल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. चाक सुटून फ्रिक्वेन्सीने ठरवलेल्या वेगाकडे पळायला लागलं की मोटरचा जोर आपोआप उतरत जातो, आणि त्या वेगाला पोचलं की शून्य. म्हणजे उधळण्याला वरून टोपण बसलेलं. कंट्रोलरने फक्त ते टोपण कुठे ठेवायचं एवढं सांगायचं, रडारचा वेग अधिक हवा तेवढा क्रीप.

मग हे पन्नास वर्षांपूर्वीच का नाही केलं? कारण फ्रिक्वेन्सी मनासारखी बदलायला इन्व्हर्टर लागतो, आणि हजारो अ‍ॅम्पिअर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणारे सेमीकंडक्टर स्विच तेव्हा नव्हते. प्रयत्न झाले, जर्मनीत हेन्शेल आणि ब्राऊन बोव्हेरीने १९७१ मध्ये डीई२५०० नावाचा थ्री-फेज डिझेल लोको धावूनही दाखवला. पण जड मालवाहतुकीत ते खऱ्या अर्थाने आलं १९९३ मध्ये, जेव्हा ईएमडीने सीमेन्सच्या इन्व्हर्टरसह एसडी७०मॅक काढला आणि अमेरिकेच्या बर्लिंग्टन नॉर्दर्नने त्याची ३५० लोकोंची ऑर्डर दिली. त्यांना वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळसा ओढायचा होता. हिशोब साधा होता, जिथे पाच जुने डीसी लोको लागायचे तिथे तीन नवे पुरे. जनरल इलेक्ट्रिकनेही त्याच सुमारास आपला एसी लोको उतरवला आणि मग मागे वळून बघणं नाही.

आपल्या रेल्वेने १९९५ मध्ये जनरल मोटर्सशी करार केला, लोकोंबरोबर तंत्रज्ञानही घ्यायचं असा. ईएमडीच्या भाषेत लोकोचं नाव जीटी४६मॅक. पहिले काही लोको तयार आले, काही सुट्या भागांत, आणि १९९९ च्या सुमारास ते हुबळी शेडला लागले. २००२ पासून वाराणसीत पूर्ण उत्पादन सुरू. हुबळी का, तर तिथून पश्चिमेला कॅसलरॉक ते कुळे हा ब्रगांझा घाट उतरतो, ३७ ला १ चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो तो याच घाटाने, आणि तोही भरलेल्या दिशेने चढत.

परत गणित करू. ५८ बॉक्सएन वाघिणी (कोळशाचे उघडे डबे), प्रत्येकी भरून ८१ टन, म्हणजे सुमारे ४७०० टन. सपाटीवर ही गाडी चालत ठेवायला टनामागे दोनेक किलो ओढ पुरते, म्हणजे ९०-१०० किलोन्यूटन, एका लोकोच्या डाव्या हातचा मळ. २०० ला १ चढ आला की वजनच मागे खेचायला लागतं, त्याचे अजून साधारण २४०, एकूण ३३५ च्या आसपास, तरी एकटा लोको ओढतो. १०० ला १ आला की गरज ५७० वर जाते आणि एकट्याचे ५४० कमी पडतात. आणि ३७ ला १ ला? नुसत्या चढाचेच १२८० किलोन्यूटन, वर वळणांचं घर्षण वेगळं. म्हणून डिझेलच्या काळात इथे पुढे दोन-तीन आणि मागून ढकलायला दोन-तीन लोको लागायचे. मागून का, तर सगळी ओढ पुढूनच लावली तर पहिल्या वाघिणीच्या कपलरवर, म्हणजे जोडणाऱ्या आकड्यावर, एवढा ताण येतो की तो तुटू शकतो, आणि चढावर कपलर तुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. या मागच्या लोकोंना बँकर म्हणतात.

डब्ल्यूडीजी-४ ला भरलेली गाडी उचलताना जवळून बघायचं तर बारीक भुरभुर पाऊस असताना बघावं. मुसळधार पाऊस परवडला, तो रूळ धुऊन काढतो, पण पहिली भुरभुर रुळावरच्या गंज-धुळीचा चिकट लेप बनवते आणि पकडीचे बारा वाजतात. सिग्नल मिळतो, पायलट पहिला नॉच, म्हणजे पॉवरची पहिली पायरी, घेतो, इंजिनाचा सूर फारसा बदलत नाही पण बोगीतून एक वेगळाच गाणारा आवाज यायला लागतो, चढत जाणारा, मग मध्येच खाली येऊन परत चढणारा, तो इन्व्हर्टरचा. चाकापुढच्या नळ्यांतून फस्स करून वाळू पडते. कपलर एकामागोमाग ताणले जातात, खडाखडा खडाखडा आवाज मागे मागे पळत जातो. आणि मग काही सेकंद असं वाटतं की काही घडतच नाहीये, फक्त चाकं कण्हतायत, एक हलकी घरघर, आणि नीट बघितलं तर चाकं गाडीपेक्षा जरा जास्तच फिरतायत. जुना अल्को इथे चाक सोडून, पॉवर टाकून, परत सुरुवात करत बसला असता. हा तसाच सरकत, घासत, न सोडता निघतो.

आता थोडं इंजिनाबद्दल, नाहीतर डिझेलवाले रागावतील. ईएमडीचं ७१० हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, सोळा सिलिंडर व्ही आकारात. ७१० म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान, घनइंचांत, सुमारे ११.६ लिटर. सोळांचे मिळून १८६ लिटर. आणि एवढं सगळं फिरतं मिनिटाला फक्त ९०४ वेळा, तेही आठव्या नॉचला. टू-स्ट्रोक म्हटल्यावर जुन्या स्कूटरचा धूर आठवू नका, याच्या सिलिंडरमध्ये हवा खालून झरोक्यांतून जोराने शिरते, जळलेला वायू वरच्या व्हॉल्व्हमधून निघतो, तेल-इंधन मिसळायची भानगड नाही. याचा टर्बो मला फार आवडतो. नेहमीचा टर्बो बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतो, त्यामुळे इंजिन मंद असताना तो झोपलेला असतो आणि अचानक नॉच वाढवला की हवा कमी, डिझेल जास्त, आणि काळ्या धुराचा लोट. अल्कोचे ते लोट बघायला रेल्वेफॅन लोक मुद्दाम जायचे, दिसायला झकास, पण तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ७१० चा टर्बो कमी वेगात गिअरने इंजिनालाच जोडलेला असतो, पुरेसा वायू मिळाला की क्लच सुटतो आणि तो स्वतःच्या जोरावर फिरतो. त्यामुळे टू-स्ट्रोकला लागणारी हवा सुरुवातीपासून मिळते आणि धूरही कमी.

बाकीची स्पेसिफिकेशन्स पटापट. इंधन टाकी ६००० लिटर. चाक नवं असताना १०९२ मिलिमीटर. मोटर आणि चाक यांच्यातली दातेरी जोडी ९० ला १७, म्हणजे मोटर सव्वापाच फेऱ्या मारते तेव्हा चाक एक. याच घराण्यातला प्रवासी गाड्यांचा डब्ल्यूडीपी-४ आहे त्याची जोडी ७७ ला १७, म्हणून तो जास्त पळतो आणि मालवाला जास्त जोर लावतो. कमाल वेग सुरुवातीला १००, लोडेड मालगाडीला यापेक्षा फार लागतही नाही. उतारावर डायनॅमिक ब्रेक, म्हणजे मोटरींनाच जनरेटर बनवायचं, गाडीच्या वेगातून वीज काढायची आणि ती वरच्या रेझिस्टर ग्रिडमध्ये जाळून टाकायची, पंखे ती उष्णता बाहेर फेकतात. वाया जाते खरी, पण ब्रेक ब्लॉक आणि चाकं वाचतात.

एका बाबतीत मात्र या लोकोला शिव्या पडल्या, आणि रास्त पडल्या. कॅब एकच, एका टोकाला. उलट दिशेने जायचं असेल तर समोर अख्खा लांबलचक हूड, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, त्याच्या बाजूने मान वाकडी करून सिग्नल शोधायचा. अमेरिकेत लोको फिरवायची सोय आणि जोडीजोडीने पाठीला पाठ लावून चालवायची पद्धत आहे, तिथे हे खपतं, आपल्याकडे सिंगल लोको उलटा लागणं रोजचं. बऱ्याच वर्षांनी दोन कॅबचा डब्ल्यूडीजी-४डी आला तेव्हा पायलट मंडळींचा जीव भांड्यात पडला असणार.

आतमध्येही बदल झाले. सुरुवातीच्या लोकोत जीटीओ नावाचे स्विच होते आणि एका बोगीला एक इन्व्हर्टर, तीन मोटरी एकाच तालावर. यात एक पंचाईत आहे. तिघींना एकच फ्रिक्वेन्सी, मग एका अ‍ॅक्सलची चाकं झिजून बाकीच्यांपेक्षा लहान झाली असतील तर भार तिघींत सारखा वाटला जात नाही. म्हणून शेडमध्ये एका बोगीची चाकं लेथवर अगदी जवळच्या मापाला आणावी लागतात. जनरल इलेक्ट्रिकने सुरुवातीपासून प्रत्येक अ‍ॅक्सलला स्वतंत्र इन्व्हर्टर दिला. महाग पडतो, पण एक बिघडला तरी पाच मोटरी चालू राहतात, आणि पुढच्या चाकाखाली ओला रूळ, मागच्याखाली घासून साफ झालेला, असं असतं तेव्हा प्रत्येकाकडून जमेल तेवढं काढता येतं. नंतर आयजीबीटी स्विच आले आणि आपले नवे लोकोही त्या वाटेने गेले, तो सुरुवातीचा गाणारा आवाजही त्यात बदलला.

जनरल इलेक्ट्रिकचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने त्यांच्याशी १००० डिझेल लोकोंचा करार केला, ७०० लोको ४५०० हॉर्सपॉवरचे आणि ३०० लोको ६००० चे. कारखाना बिहारच्या सारण जिल्ह्यात मढौऱ्याला, जे गाव आधी साखर कारखान्यासाठी आणि मॉर्टनच्या टॉफ्यांसाठी ओळखलं जायचं. २०१९ मध्ये जीईचा हा विभाग वॅबटेक कंपनीत गेला. इथला छोटा लोको डब्ल्यूडीजी-४जी, मोठा डब्ल्यूडीजी-६जी. इंजिन त्यांचं इव्होल्यूशन मालिकेतलं, फोर-स्ट्रोक, ४५०० साठी बारा सिलिंडर आणि ६००० साठी सोळा. बारा सिलिंडरचंही आकारमान येतं १८८ लिटर, म्हणजे ईएमडीच्या सोळाएवढंच, फक्त भांडी कमी आणि मोठी.

याच इंजिनाचा अमेरिकन लोको ईएस४४एसी बघितला तर पकडीचा मुद्दा एकदम लख्ख होतो. हॉर्सपॉवर ४४००, आपल्यापेक्षा शंभर कमीच. पण सुरुवातीची ओढ ८०० किलोन्यूटनच्या घरात, आपल्या दीडपट. कारण त्याचं वजन १९५ टनांच्या आसपास आहे. तिकडचे रूळ आणि पूल एका अ‍ॅक्सलवर ३२ टन सहज झेलतात, आपल्याकडे मर्यादा साधारण २२ टन. ओढ भागिले वजन करा, दोन्हीकडे ४२-४४ टक्केच येतं. तिकडे तर लोकोत मुद्दाम पोलादाचं वजन भरतात, आणि आपल्याकडे तीच यंत्रं १३० टनांच्या आत-बाहेर बसवण्यासाठी डिझाइनवाले एकेक किलो कापत बसतात. म्हणून ६००० हॉर्सपॉवरचा लोको आला म्हणून तो गाडी उभ्या जागेवरून फार जास्त उचलेल असं समजू नका, उचलेल साधारण तेवढीच, पण उचलल्यावर चढावर ती जास्त वेगाने नेईल. गर्दीच्या लाईनवर त्यालाही किंमत आहे, मागच्या गाड्या खोळंबत नाहीत.

आणि या सगळ्यात विचित्र भाग असा की हा करार झाला त्यानंतर काही वर्षांतच रेल्वेने ब्रॉडगेजचं जवळपास सगळं जाळं विजेवर नेलं. मग एवढे डिझेल कशाला, हा प्रश्न २०१७ मध्ये जाहीरपणे विचारला गेला, करार गुंडाळायच्या बातम्याही आल्या, पण तो चालू राहिला. वाराणसीच्या कारखान्याने, ज्याचं नाव २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं, तर त्याआधीच दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यातली डिझेल इंजिनं काढून १०,००० हॉर्सपॉवरचा जोड विजेचा लोको बनवला होता. वायरखालून दिवसभर डिझेल जाळत जाणं पैशाच्या हिशोबात बसत नाही हे खरंच आहे, वायर तुटली, वीज गेली, अपघात झाला तर काही डिझेल हाताशी लागतात, पण त्याला हजार लागत नाहीत.

मढौऱ्याने मग बाहेरचं गिऱ्हाईक शोधलं. आफ्रिकेत गिनी देशात सिमांडू नावाचा लोहखनिजाचा प्रचंड साठा आहे, तिथून समुद्रापर्यंत नवी रेल्वे टाकली आहे आणि तिच्यासाठी १५० लोकोंची ऑर्डर मढौऱ्याला मिळाली, पहिला जून २०२५ मध्ये रवाना झाला. तिथे स्टँडर्ड गेज आहे, ब्रॉडगेजपेक्षा जवळजवळ २४ सेंटिमीटर अरुंद, म्हणजे मोटरींना चाकांच्या मधली जागा अजून कमी.